न भाजलेली पावडर

रामनगर
७ नोव्हेंबर

अक्का,

भाऊबीजेला तू नंदगडला आली नाहीस. गणपतीदादानं दोन पाट मांडले होते. प्रत्येक बसचा आवाज आला की अव्वा उठून अंगणात जायची आणि परत येऊन बसायची. शेवटी मी एकटीनंच ओवाळलं. मी येणार म्हणून तू आली नाहीस हे घरात सगळ्यांना कळत होतं, पण तोंडातून कुणी काढलं नाही.

फोनही तू घेत नाहीस. तुमच्या वाडीत रेंज नाही, त्यासाठी टेकडीवर जावं लागतं हे मला माहीत आहे. म्हणजे तू टेकडी चढलीस, माझं नाव बघितलंस आणि कापलंस. म्हणून हे पत्र.

तुझा निरोप मिळाला. पण असा निरोप बसच्या कंडक्टरकडून पाठवतात का गं? त्यानं स्टँडवर सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारलं, "तुमच्या भनीनं इचारलंय, त्या दिवशी महेशरावांनी फोनवर औषध आनखी ओता म्हणून सांगितलं व्हतं का न्हाई?" पानवाल्यापासून सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, उमाजीदाजींचा फोन आला होता, पण सहज, दिवाळीला येणार का विचारायला. मिलला देतो त्या फेसाच्या औषधाचं काही बोलणं झालं नाही. मी त्या आठवड्यात सासूबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बेळगावात होते, त्यामुळे मी स्वतः काही ऐकलेलं नाही. नवरा सांगतो त्यावर विश्वास ठेवायचा, नाहीतर कशावर ठेवायचा, तूच सांग.

लखूचा पाय मोडला ह्याचं मला फार वाईट वाटतं. तुमच्याच वाडीतला, दाजींचा लहानपणचा सोबती, दोघं मिळून अळणावर रस्त्यावरच्या त्या कागदाच्या मिलमध्ये लागलेले, एका खोलीत राहणारे. त्याच्या घराचं आणि तुझ्या घराचं अंगण एकच. त्याच्या बायकोनं सुंदरीनं तुझ्याशी बोलणं टाकलं आहे असं ऐकलं. मिलनं दाजींना कामावरून काढलं तेही कळलं.

पण अक्का, एक सांगते, रागावू नकोस. आमचं औषध म्हणजे आमटीतलं मीठ नव्हे, कमी वाटलं म्हणून आणखी घाल. रद्दीच्या लगद्यात जुना डिंक असतो, खळ असते, साबण असतो. त्या पाण्याला फेस येणारच. तो फेस कागदात शिरला तर कागदाला भोकं पडतात, मशीनवर कागद तुटतो. म्हणून आमचं औषध थेंबाथेंबानं सोडायचं असतं. जास्त झालं तर त्यातलं तेल वर येतं, कागदावर डाग पडतात, फरशी निसरडी होते, आणि त्याच फरशीवर लखू घसरला. दाजी एवढी वर्षं त्या मशीनवर आहेत. त्यांना हे कळायला हवं होतं. औषध आमचं, पण हात त्यांचा होता.

हे वाक्य मी लिहून पुन्हा वाचलं. खोडत नाही. मला तसंच वाटतं.

तू माझी मोठी बहीण आहेस. अव्वापेक्षा जास्त तूच मला न्हाऊ-माखू घातलंस. एका मिलच्या भांडणापायी असं करू नकोस.

तुझी,
सुनयना


रामनगर
२१ नोव्हेंबर

अक्का,

थंडी पडली. तुमच्याकडे तर सकाळी धुकं उठत नसेल. सासूबाईंचा डोळा आता बरा आहे, काळा चष्मा लावून दारात बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला नावं ठेवतात. निखिलची सहामाही परीक्षा झाली. गणितात बरा आहे, कन्नडमध्ये रडतो.

सोबत लखूसाठी गरम शाल पाठवते आहे. सुंदरीनं घेतली नाही तर तू वापर. पोस्टातून पार्सल नीट येतं की नाही कोण जाणे.

आणखी एक. दाजींनी आमच्या कारखान्यात यावं असं मला वाटतं. कारखाना म्हणजे काय, तू बघितलाच आहेस, पत्र्याची शेड आणि चार माणसं. पण मिलपेक्षा जवळ आहे. राहायला मागची खोली देऊ. हे ह्यांना मी अजून विचारलेलं नाही, पण हे नाही म्हणणार नाहीत. मला खात्री आहे ते नाही म्हणणार नाहीत.

कंडक्टर सांगत होता, दाजी लखूचं भात कापतात. आपलं उभं पीक ठेवून आधी त्याचं. लखूला पाठीवर घेऊन परसात नेतात, आंघोळ घालतात. त्यांना सांग, एवढं करू नका. म्हणजे करावं, शेजारधर्म आहे, पण स्वतःची चूक झाली असं समजून करू नका. अशा गोष्टी होतात. मशीन आहे, पाणी आहे, कुणाचं काय चुकतं ते नेहमी सांगता येत नाही.

मागच्या पत्रात मी काही लिहिलं होतं ते मनावर घेऊ नकोस.

इकडे बाकी ठीक. नवीन पोहे आले आहेत, बसनं पाठवून देईन. तुझ्या गुडघ्याला तेल लावतेस ना?

सुनयना


रामनगर
५ डिसेंबर

अक्का,

मागचं पत्र तू वाचलं असशील तर फेकून दे. ते पोहे, तो चष्मा, ती शाल सगळं मी कशासाठी लिहिलं ते आता सांगते. ते लिहीत होते तेव्हा मला खरं काय ते माहीत होतं. आठवडाभर माहीत होतं.

आमच्या औषधात तेल असतं आणि तेलात सिलिकाची पावडर असते, मैद्यासारखी बारीक. फेस मोडतो तो त्या पावडरीनं. फेस म्हणजे पाण्याच्या पातळ पातळ पडद्यांचा ढीग. तेलाचा थेंब त्या पडद्यात शिरतो, आणि त्याच्या अंगावरचा कण पाण्याला जवळ येऊ देत नाही, म्हणून पडदा तिथंच फाटतो आणि बुडबुडा फुटतो. पण कच्ची सिलिका तशी नसते. तिला पाणी आवडतं. ती भिजते आणि पडद्याचाच भाग होऊन गप्प बसते. म्हणून आधी तिला सिलिकॉनचं तेल चोळून भट्टीत तासन् तास ढवळत तापवायचं, म्हणजे प्रत्येक कणावर तेलाची साय पक्की बसते. आमच्या शेडमध्ये आम्ही त्याला भाजणी म्हणतो. सगळा जीव त्या भाजणीत आहे. ती कमी पडली तर डब्यात नुसतं तेल आणि माती.

भाजणी झाली की नाही ते मी दर वेळी बघते. पेल्यात पाणी घ्यायचं, वर चिमूटभर पावडर टाकायची. भाजलेली असेल तर ती वर तरंगते, बोटानं दाबली तरी कोरडीच वर येते. ऑक्टोबरमध्ये मी बेळगावात होते म्हणून कुणी बघितलं नाही.

चौदा तारखेला नवीन घाणा लावायचा म्हणून मी भाजलेल्या पावडरीच्या पिंपातून चिमूट घेतली आणि पाण्यात टाकली. ती बुडाली. धुरासारखी खाली गेली आणि तळाला बसली. मी पेला ओतून दिला, पुसला, पुन्हा भरला, पुन्हा टाकली. पुन्हा बुडाली. मिलला गेलेला माल ह्याच पिंपातला होता.

हे दारात उभे होते. मी काही विचारलं नाही, तेच बोलले. "भट्टीची कॉइल जळाली होती. नवीन मिळेना. मिलची गाडी दारात येऊन उभी. मला वाटलं, जरा कमी चालेल, पण चालेल."

मी म्हटलं, "आणि दाजींचा फोन?"

"त्यांनी विचारलं, फेस बसत नाही, काय करू. मी म्हटलं, वाढवा. दुसरं काय सांगणार होतो?"

"आणि चौकशी झाली तेव्हा?"

तेव्हा हे मान खाली घालून म्हणाले, "मॅनेजरनं विचारलं, तुम्ही वाढवायला सांगितलंत का. माझ्या तोंडातून नाही निघून गेलं. एकदा नाही म्हटल्यावर पुढचं सगळं तसंच बोलत गेलो."

अक्का, ह्या माणसाला तू पहिल्या दिवाळीला स्वतःच्या हातानं उटणं लावलंस. हे कपटी नाहीत, हे मी बायको म्हणून लिहीत नाही. घाबरट आहेत. घाबरट माणूस काय करून बसतो ते मला त्या दिवशी कळलं. आणि मग पुढचा आठवडा मी स्वतः काय केलं ते बघ. हे जेवत नव्हते म्हणून मी त्यांची समजूत घातली. ते पिंप उचलून मागच्या खोलीत ठेवलं. निखिलला शाळेत सोडलं. आणि तुला शाल पाठवली. जी खोली दाजींना देऊ म्हटलं, तीच ही मागची खोली. दाजींना नोकरी देऊन माझं मन हलकं होईल असा माझा हिशोब होता, दुसरं काही नाही. डब्यावर नाव कुणाचं आहे? सुनयना केमिकल्स. लग्नानंतर ह्यांनी कौतुकानं ठेवलेलं. त्या नावाची मला लाज वाटायला हवी होती, पण मला भीती वाटत होती ती ते नाव जाईल ह्याची.

"औषध आमचं, पण हात त्यांचा." हे मी तुला लिहिलं होतं. मला ते वाक्य आता डोळ्यांसमोरून हलत नाही.

परवा मी मिलमध्ये गेले. ह्यांना सांगून गेले. हे म्हणाले, "जा. मी अडवत नाही. पण मला यायला सांगू नकोस." मॅनेजर साहेबांच्या टेबलावर चहाचे दोन पेले होते, त्यातच पाणी घेऊन मी त्यांना दाखवलं. एकात भाजलेली पावडर टाकली, दुसऱ्यात ती. ते शिकलेले आहेत, मला काही समजावून सांगावं लागलं नाही. दुसरा पेला उचलून त्यांनी उजेडात धरला.

मी म्हटलं, "उमाजींनी विचारून वाढवलं होतं. आमच्याच घरातून सांगितलं गेलं. त्यांचा काही दोष नाही."

ते म्हणाले, "तुम्ही आलात हे बरं केलंत मॅडम. औषध आम्ही दुसरीकडून घेऊ. पण तो विषय आता मिटलेला आहे. पुन्हा उकरला तर युनियन म्हणेल, माल न तपासता घेतलाच कसा. उमाजीचं बघू नंतर."

मी काय म्हणाले असेन? "बरं" म्हणाले. नमस्कार करून बाहेर आले. फाटकापर्यंत आले तेव्हा शिफ्ट सुटत होती. कुणीतरी ओळखून विचारलं, "उमाजीच्या मेव्हणी न्हवं? लखू कसा हाय?" मी बरा आहे म्हटलं आणि चालायला लागले.

आता तुला सगळं कळलं. तू दाजींना सांग. तू सांगितलंस तर ते ऐकतील, तुझ्या तोंडून त्यांना बरं वाटेल. मला तुमच्या वाडीत तोंड दाखवायची हिंमत नाही.

सुनयना


कुंभारवाडा
१२ डिसेंबर

सुने,

तुझं पत्र मिळालं. मी सातवी शिकलेली, मला तुझ्यासारकं लिवता येत न्हाई. थोडक्यात लिवते.

मी त्यास्नी सांगणार न्हाई.

तू मिलमधी जाऊन साहेबाला सांगितलंस. साहेबाचा पाय मोडलाय काय? साहेबाची बायको माझ्याशी बोलत न्हाई काय? ज्याला सांगायचं त्याला सोडून तू भलतीकडं जाऊन आलीस आनी वर मला म्हंतीस तू सांग. तुझी घाण मी माझ्या हातानं काढू?

तुला ठाव न्हाई म्हणून सांगते. ह्यो माणूस रातीचा झोपत न्हाई. जेवायला बसला की लखूचं ताट आधी गेलं का इचारतो. म्हारू देवाच्या देवळात जाऊन कौल लावला, माझ्या हातानं झालं का म्हणून. देवानं कौल दिला न्हाई. तवापासून आनखीच गप झालाय. आमचं भात शेतात आडवं झालं, पाखरांनी खाल्लं. मी बोलले तर म्हंतो, लखूचं आधी.

मी महेशरावांवर संशय घेतला तवा ह्योच मला रागवला. म्हंला, पावण्यावर बोट दाखवू नको, मलाच ऐकू कायतरी वेगळं आलं असंल.

तू ये. लखूच्या अंगणात ये. लखू, सुंदरी, शेजारपाजार, सगळी असताना सांग. ते पेल्यातलं दाखव. मग तुझं तू जा. माझ्या घरात येऊ नको.

शाल सुंदरीनं घेतली न्हाई. मी पण न्हाई वापरत. येशील तवा घेऊन जा.

फुला


रामनगर
२२ डिसेंबर

अक्का,

रविवारी लखूच्या अंगणात काय झालं ते तू स्वतः बघितलंस, ते मी लिहीत नाही. तू तुळशीपाशी उभी होतीस आणि मी बोलायला लागल्यापासून एकदाही माझ्याकडे बघितलं नाहीस. सुंदरीनं पाण्याचा तांब्या आणून माझ्यासमोर आपटला तेव्हा गडबडीत माझ्या हातून पावडर आधी जमिनीवरच सांडली. लखू म्हणाला, "हळू वैनी, घाई न्हाई, मी कुठं पळून जाणार न्हाई." सगळे हसले. त्या हसण्यानं मला जेवढी लाज वाटली तेवढी त्यानं शिव्या दिल्या असत्या तरी वाटली नसती.

दाजी पेल्यापाशी उकिडवे बसले आणि तळाला गेलेल्या पावडरीकडे बघत राहिले, एवढंच तुला दिसलं. मग तू आत गेलीस आणि दार लावून घेतलंस. पुढचं तुला माहीत नाही म्हणून लिहिते आहे. दाजी घरी येऊन काही सांगणार नाहीत, ते मला ठाऊक आहे.

ते मला बसपर्यंत पोचवायला आले. मी नको म्हणत होते. म्हणाले, "रानातली वाट हाय, एकटी कशी जाशील." अर्धी वाट ते पुढे आणि मी मागे. नाल्यावरच्या लाकडी साकवावर ते थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुनयना, एक इचारू?"

मी म्हटलं, "विचारा दाजी."

"त्या दिवशी मी फोन केलता. महेशराव म्हंले, वाढवा. ते खरंच म्हंले का?"

अक्का, मी दहा मिनिटांपूर्वी अंगणात सगळ्यांसमोर हेच सांगितलं होतं. त्यांनी ऐकलंही होतं. तरी विचारत होते. मी म्हटलं, "खरंच म्हणाले."

"आवाज त्यांचाच व्हता?"

"त्यांचाच. मला त्यांनी स्वतः सांगितलं."

तेव्हा दाजी साकवाच्या कडेला खाली बसले. म्हणाले, "मशीनचा आवाज लई असतोय. मिलवाल्यांनी इचारलं तवा मी सांगितलं, फोन केलता. साहेब म्हंले, पावणे तर न्हाई म्हंत्यात. मग मला वाटाया लागलं, आपुन फोन केलाच न्हाई. सपनात केला असंल. मग वाटलं, केला पण ते 'थांबवा' म्हंले असतील नि मी 'वाढवा' ऐकलं. रोज एक नवीनच आठवाया लागलं. लखूला उचलताना मी त्येच ऐकायचो. वाढवा का थांबवा, वाढवा का थांबवा." मग जरा वेळानं म्हणाले, "मला वाटलं माझं डोस्कं गेलं."

मी आजवर समजत होते की आम्ही त्यांची नोकरी घालवली, नाव घालवलं. त्या माणसाला त्याच्या स्वतःच्या कानांवर विश्वास राहिला नव्हता, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. एक 'नाही' म्हणून हे मोकळे झाले होते आणि तिकडे तुझा नवरा रोज त्या एका शब्दाशी झटत होता. मी त्यांच्या पाया पडायला वाकले. त्यांनी पाय मागे घेतले. म्हणाले, "नको. तुला काय म्हणायचं ते तू अंगणात म्हंलीस."

"तुम्ही मला काहीतरी बोला दाजी. रागवा तरी."

"रागवायला आज न्हाई जमायचं," ते म्हणाले. "आज नुसतं हलकं वाटाया लागलंय. राग उद्या येईल, परवा येईल. तवा बघू."

मिलचं मी विचारलं. साहेबांचा निरोप घेऊन त्यांचा माणूस जोयड्यात दाजींना भेटला होता, गुपचूप ये, दुसऱ्या मशीनवर घेतो म्हणून. दाजींनी त्याला सांगितलं, "येईन. पण दोन शिफ्ट एकमेकींस्नी भेटत्यात त्या टायमाला, सगळी माणसं असताना, साहेबांनी सांगायचं. न्हाईतर मी शेती करीन." मी परत आल्यावर साहेबांना फोन केला. म्हटलं, तुम्ही सांगणार नसाल तर मी फाटकाबाहेर पाण्याचे पेले घेऊन बसते, शिफ्ट सुटताना. कळवतो म्हणून त्यांनी फोन ठेवला. काल त्यांचा फोन आला. पहिल्या तारखेला सांगतील, आणि लखूच्या पायाचं औषधपाणी अपघात म्हणून मिलच करील. ते मनापासून करणार नाहीत, पण करतील.

आमचं विचारशील तर शेड बंद आहे. पिंप मी रिकामं केलं. बाकीच्या दोन ठिकाणी माल गेला होता, त्यांना मीच कळवलं. एकानं परत पाठवला, दुसऱ्यानं फोनच ठेवून दिला. शेडमधल्या माणसांच्या डोळ्याला डोळा देता येत नाही. त्यांनी काही केलं नाही आणि घरी ती बसली आहेत.

आता शेवटचं, आणि ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

बस आली तेव्हा दाजींनी हात करून थांबवली. मी चढले. खिडकीपाशी येऊन ते म्हणाले, "महेशरावास्नी सांग, मला त्यांच्याशी भांडायचं न्हाई. पण त्यो शब्द त्यांच्या तोंडून एकदा ऐकायचा हाय. तुझ्याकडनं ऐकून भागत न्हाई."

घरी येऊन मी जसंच्या तसं सांगितलं. साकवावरचंही सांगितलं. वाढवा का थांबवा हेही. हे ऐकत बसले. सासूबाई मध्ये काही बोलायला गेल्या तर त्यांना हातानं गप्प केलं. मी वाट बघत होते की आता काहीतरी कारण निघेल. भट्टीचं, गाडीचं, मॅनेजरचं. निघालं नाही. उठून मागच्या खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. आतून रडण्याचा आवाज येत होता. मी गेले नाही. मागच्या वेळी समजूत घातली होती, ह्या वेळी घातली नाही.

आज सकाळी दाढी करून, धुतलेला शर्ट घालून समोर आले. म्हणाले, "कुंभारवाड्याची बस कधी आहे?"

मी म्हटलं, "मी येऊ का?"

"नको. तू असलीस की तूच बोलशील."

म्हणून हे पत्र मी पोस्टात टाकत नाही. त्यांच्याच हातात देते आहे. तू हे वाचत असशील तेव्हा ते दारात उभे असतील. त्यांना आत घे असं मी म्हणणार नाही, मलाच तू आत घेतलेलं नाहीस. पाणी दे असंही म्हणत नाही. दाजी लखूच्या खळ्यावर असतील तर फक्त ह्यांच्यासोबत कुणालातरी दे, किंवा लांबून हात करून दाखव. ह्यांनी ती खळ्याची वाट कधी बघितलेली नाही.

सुनयना